उन्हाळ्यात बडोदे सकाळी सहाला उघडा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपला अंक आमच्याकडे दांडिया बाजारात एक दिवस शिळा होऊन पोचतो आणि मी तो शेवटच्या पानापासून पुढे वाचत येतो. टपाल खात्यात 36 वर्षं काढल्यामुळे उशिरा आलेल्या कागदाबद्दल माझी तक्रार नसते. तक्रार आहे ती उन्हाची. ती कुठल्या खिडकीवर द्यायची हे ठाऊक नाही, म्हणून आपल्याकडे धाडतो आहे. पाकीट वीस ग्रॅमच्या वर जाणार हे लिहायला बसतानाच कळलं होतं. जादा तिकीट लावलं आहे.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझी लेक डोंबिवलीहून आली. बरोबर जावई, अकरा वर्षांचा नातू, सहा वर्षांची नात आणि आमच्या विहीणबाई. विहीणबाईंचं माहेर मालेगाव तालुक्यातलं, त्यामुळे सयाजीराव महाराज हे त्यांच्या लेखी गावचेच. 1863 साली कवळाण्यात जन्मलेला गोपाळ नावाचा मुलगा 1875 च्या भर उन्हाळ्यात दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आला, ही गोष्ट आपण पुस्तकात वाचतो. विहीणबाई ती मावसभावाची सोयरीक जमल्यासारखी सांगतात. घरात पाऊल टाकलं, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "व्याही, आमच्या गोपाळाचं सगळं बघायचंय मला. एकही सोडायचं नाही."

जावईबापूंनी यादी करूनच आणली होती. तांबेकर वाडा, सूरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा, मांडवी, मध्यवर्ती ग्रंथालय, खंडेराव मार्केट, राजवाडा, कीर्तिमंदिर आणि शेवटी कमाटीबाग. सगळं पायी, एका दिवसात. गाडीतून शहर कळत नाही, असं त्यांचं मत, आणि त्याबाबतीत मी त्यांच्याच बाजूचा. फोनने हिशेब दिला होता: आठ किलोमीटर, दोन तास. मी म्हटलं, "पहाटे साडेपाचला निघू." ते म्हणाले, "बाबा, दहाच्या आधी उघडतंय काय?"

मी गप्प बसलो. त्यांचं बरोबर होतं.

उन्हाबद्दल मला जे कळतं ते बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या ठरलेल्या भागात, चालून कळलं. पहिली बरीच वर्षं पायी, मग सायकल. टपाल सॉर्ट होऊन थैली खांद्यावर येईपर्यंत दहा वाजायचे, म्हणजे माझी आणि सूर्याची ड्यूटी एकदमच सुरू व्हायची. त्यातून एक सावलीचं टाइमटेबल डोक्यात तयार झालं. जुन्या शहराच्या मधोमध मांडवी आणि चार दिशांना चार दरवाजे: पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. चांपानेर ते गेंडीगेट हा रस्ता उत्तर-दक्षिण, म्हणून सकाळी पूर्वेकडच्या ओळीला चिकटून चाललात तर घरांची सावली मिळते, दुपारनंतर समोरच्या ओळीला. लहेरीपुरा ते पाणीगेट मात्र पूर्व-पश्चिम. मे महिन्यात सूर्य जवळजवळ त्या रस्त्यावरूनच चालत जातो. दोन्ही बाजूंना सावली नाही, दुकानाच्या कनातीखाली मिळेल तेवढीच. या रस्त्यावरची टपालं मी सगळ्यात आधी संपवायचो.

दुसरं, घड्याळातले बारा हे सूर्याचे बारा नव्हेत. बडोदे देशाच्या पश्चिमेला असल्यामुळे मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या पुढे. जूनच्या सुरुवातीला तर एक दिवस असा येतो की माणसाची सावली भर दुपारी पायाखाली नाहीशी होते. आणि सूर्य माथ्यावरून सरकला म्हणजे ऊन उतरलं, असंही नाही. दगड, डांबर, पत्रे तापत राहतात. खरी होळी तीन ते चार. पाहुणे एक वाजेपर्यंत कसंबसं थांबतात आणि "बारा वाजून गेले, आता उतरेल" म्हणून नेमके त्याच तोंडी बाहेर पडतात. आम्हीही तेच केलं. मी बरोबर असून केलं, हे लिहायला संकोच वाटतो, पण जावयापुढे सासऱ्याने किती वेळा नको म्हणायचं?

तर बुधवारी नाश्ता करून पावणेदहाला निघालो. आमच्या सौ. गुडघ्यांमुळे घरीच राहिल्या. त्यांनी कैरीचं पन्हं करून, गूळ आणि मीठ चांगलं सढळ घालून, दोन लिटरची बाटली भरून ठेवली होती. ती जेवणाच्या टेबलावर राहिली. कुणामुळे राहिली यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

तांबेकर वाड्यात सगळे खूश झाले. भाऊ तांबेकर हे बडोद्याचे दिवाण, त्यांचा हा लाकडी वाडा. आतल्या भिंती खालपासून वरपर्यंत रंगवलेल्या, कृष्णलीला, पुराणकथा, लढाया. आता वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. पण त्या दिवशी चित्रांपेक्षा वाड्यानेच मला शिकवलं. जाड भिंती, लहान खिडक्या, आत मिणमिणता उजेड. बाहेरून आत पाऊल टाकल्याबरोबर नात म्हणाली, "आजोबा, इथे एसी आहे." एसी कुठला! बांधणारा शहाणा होता, एवढंच. नातू एका भिंतीपुढे अर्धा तास उभा राहिला, हत्तीचे पाय मोजत. मी मनात म्हटलं, बाबा रे, सगळा दिवस इथेच मोज.

सूरसागरावर अकरा वाजले. तळ्याच्या मधोमध 111 फुटांचे महादेव उभे आहेत आणि आता त्यांच्यावर सोनेरी मुलामा आहे, त्यामुळे अकराच्या उन्हात त्यांच्याकडे बघायचं म्हणजे सूर्याकडेच बघायचं. विहीणबाईंनी डोळ्यांवर पदर धरून नमस्कार केला. पलीकडे न्यायमंदिर, 1896 चं. बाजार व्हायचा होता आणि कोर्ट झालं असं म्हणतात. त्याला नाव दिलं होतं महाराणी चिमणाबाईंचं. अगदी अलीकडे, 2018 पर्यंत तिथे कोर्ट चालायचं. रजिस्टर टपालाच्या पोचपावत्यांवर तिथल्या किती कारकुनांच्या सह्या मी घेतल्या असतील! बाहेरूनच पाहिलं आणि लहेरीपुरा दरवाजातून आत शिरलो, म्हणजे त्या पूर्व-पश्चिम भट्टीत.

इथे डोंबिवलीकरांची एक फसगत होते, ती त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. मुंबईकडची हवा दमट. तिथे पाच मिनिटं चाललं की सदरा अंगाला चिकटतो आणि माणसाला कळतं, आपल्याला घाम येतोय, पाणी प्या. आमच्याकडे मे महिन्यात दुपारची हवा कोरडी ठणठणीत, वर लू, म्हणजे उष्ण झळांचा वारा, वाहते. घाम फुटतो आणि फुटल्याफुटल्या उडून जातो. सदरा कोरडा, कपाळ कोरडं. जावईबापू मला दोनदा म्हणाले, "बाबा, तुमच्याकडे घामच येत नाही. बरंय की!" शरीरातलं पाणी आणि मीठ मात्र डोंबिवलीइतकंच चाललेलं असतं. त्यातून म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा कळते, आणि मूल उंचीने रस्त्याच्या जवळ असल्यामुळे डांबराची धग त्याच्या तोंडावर येते. नात "पाणी, पाणी" करत होती ते आम्हाला कटकट वाटत होतं. विहीणबाई काहीच मागत नव्हत्या ते आम्हाला काटकपणा वाटत होता.

मांडवीच्या कमानींखाली दोन मिनिटं उभं राहून आम्ही ग्रंथालयात पोचलो. हे ग्रंथालय 1910 चं. महाराजांनी बॉर्डन नावाचे अमेरिकेतले ग्रंथपाल बोलावून घेतले आणि राज्यभर वाचनालयं काढली. मुलांना मी काचेच्या फरशांबद्दल सांगितलं: पुस्तकांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड झिरपत खालच्या कपाटांपर्यंत यावा आणि दिवा लागू नये. पुस्तकांचे पार्सल घेऊन मी इथे यायचो तेव्हा सही होईपर्यंत उगाच रेंगाळायचो, कारण पंखा. त्या दिवशीही आम्ही पंख्याखालीच बसलो. विहीणबाईंनी एक मराठी मासिक उघडलं आणि पान न उलटता पंधरा मिनिटं धरून ठेवलं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दीड वाजता जावईबापू उठले. "जवळच एक आहे, तेवढं करू आणि मग जेवू."

ते "जवळचं एक" कोणतं, हे मी लिहीत नाही. तिथे बसलेल्या माणसांना नियम त्यांनी केलेले नसतात, वरून आलेले असतात, हे मला खात्यातल्या अनुभवाने माहीत आहे. तर त्या ठिकाणी तिकिटाची रांग उघड्या उन्हात. वर पत्रा नाही, कापड नाही. पुढे वीसेक माणसं आणि खिडकीत सुट्ट्या पैशांवरून वाद. रांगेत वीस मिनिटं गेली. दारात सांगितलं, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवा. उन्हात एक लोखंडी मांडणी होती, तिच्यावर ठेवल्या. आत थंड पाण्याचं यंत्र होतं आणि त्यावर खडूने लिहिलं होतं: बंद.

तेवढ्यात जावईबापूंचा फोन बंद पडला. तापला म्हणून त्याने स्वतःच पडद्यावर सूचना लिहिली की थंड झाल्याशिवाय मी चालणार नाही. मला तो फोन आवडला. लेकीने लगेच तो हातरुमालात गुंडाळून सावलीत, एका कोनाड्यात ठेवला. फोनला सावली शोधली आम्ही सगळ्यांनी मिळून. विहीणबाई मागे उन्हात एकट्या उभ्या होत्या.

त्या एरवी अखंड बोलतात. मी वळून पाहिलं, कारण बराच वेळ मागून आवाज आला नव्हता. चेहरा लाल, ओठ सुकलेले. मी म्हटलं, "विहीणबाई, बसता का?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दादा, बैल सोडलेस का?" त्यांचे थोरले भाऊ वारून नऊ वर्षं झाली आहेत.

दारावरचा रखवालदार, पंचविशीचा मुलगा असेल, स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर उन्हात बसलेला, खुर्ची उचलून धावत आला. त्याने त्याची स्वतःची बाटली काढली, अर्धी त्यांच्या डोक्यावर ओतली आणि अर्धी माझ्या हातात दिली. साहेब काय म्हणतील याचा त्याने विचार केलेला दिसला नाही. पण तिथे टेकायला सावली नव्हती, हे त्यालाही कळत होतं. तो म्हणाला, "काका, इथून हलवा यांना."

शंभर पावलांवर एक पोळ होती, माझ्या बीटवरची. (पोळ म्हणजे आमच्याकडची गल्ली, एका दरवाजाच्या आत वसलेली. आदल्या रात्री "ते पोळीत राहतात" असं मी कुणाबद्दल तरी म्हणालो तर नातीने विचारलं, मग भाजीत कोण राहतं?) जावयाने आणि नातवाने दोन्ही बाजूंनी धरलं आणि आम्ही विहीणबाईंना तिथे नेलं. तिसऱ्या घराचं दार मी वाजवलं. दार उघडलं ते एका म्हाताऱ्या बांनी (गुजरातीत आईला, वडीलधाऱ्या बाईला बा म्हणतात). त्यांचा मुलगा नैरोबीला. निळी एरोग्रामं मी वर्षानुवर्षं त्यांच्या हातात दिलेली. मी गणवेशात नव्हतो, केस पिकलेले, तरी त्यांनी एका नजरेत ओळखलं. "अरे, टपालीभाई! आवो, आवो. पहेलां पाणी."

पुढचं सगळं बांनी केलं. चपला काढायला लावल्या, पाय पाण्याच्या बादलीत, ओला पंचा मानेवर आणि काखेत, पदर सैल, मुलांना म्हणाल्या पुठ्ठ्याने वारा घाला. विहीणबाई शुद्धीवर आहेत, गिळता येतंय, हे पाहूनच पाणी दिलं, तेही घोट घोट. फ्रिजचं नाही, माटल्याचं, म्हणजे माठातलं. मग लिंबू, मीठ, साखर. लेकीने फोनवर प्रमाण शोधलं: लिटरभर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने आणि सपाट. बांनी ते प्रमाण ऐकलं आणि त्यांच्या अंदाजाने टाकलं. दहा मिनिटांनी विहीणबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "व्याही, हे कुणाचं घर?" माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. संध्याकाळी आमच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला चांगलंच झापलं. माणूस असंबद्ध बोलू लागला की तो उष्माघाताचा इशारा समजायचा, तिथल्या तिथे 108 ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत अंग गार करत राहायचं. आम्ही नशिबाने वाचलो. वाचणाऱ्यांनी नशिबावर सोडू नये.

चार तास आम्ही बांच्या घरात होतो, आणि माझं ठाम मत आहे की त्या दिवसातलं सगळ्यात बघण्यासारखं ठिकाण तेच होतं. बाहेर 43 अंश. पोळीत मात्र गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या सज्जांतून वाटी देता यावी, त्यामुळे ऊन जमिनीला टेकतं ते माध्यान्हीला अर्धा-पाऊण तास. घराच्या मध्ये उघडा चौक. तापलेली हवा तिथून वर निघून जाते आणि गल्लीतली गार हवा दारातून आत येते. दारासमोर ओटला, येणाऱ्याजाणाऱ्याने टेकावं म्हणून. जावईबापूंनी तिथे बसून मला विचारलं, "बाबा, हे तुमच्या यादीत होतं?" मी म्हटलं, "यादी तुमची होती." त्यावर ते हसले, आणि मग बराच वेळ आईचे पाय दाबत बसले.

आता मुद्द्यावर येतो.

जुनं बडोदे उन्हात चालणाऱ्या माणसाचा विचार करून बांधलेलं होतं. महाराजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शहरापासून वीसेक किलोमीटरवर आजव्याला तलाव बांधला गेला. जगन्नाथ सदाशिवजी हे त्याचे इंजिनियर. पाणी उताराने वाहत शहरात आलं. नळ आले तशा परबीही होत्या, म्हणजे आपली पाणपोई: तांबडं फडकं गुंडाळलेले माठ, पितळी पेला आणि एक म्हातारी. माझ्या बीटवर सात परबी होत्या. निवृत्त झालो तेव्हा दोन. आता मी मुद्दाम चालून पाहिलं, एक आहे, आणि तीही शेजारचा कापडवाला स्वखर्चाने चालवतो. पाणी मिळत नाही असं नाही. वीस रुपयांना लिटर मिळतं. पाच जणांच्या कुटुंबाने दिवसभर चालायचं म्हटलं तर तिकिटांपेक्षा बाटल्यांचा खर्च जास्त होईल. रस्ते रुंद झाले तसे कडेचे कडुनिंबही गेले. वडांवरून ज्या शहराचं नाव पडलं त्या शहरात सावलीसाठी बसस्टॉप शोधावा लागतो. बरेचसे बसस्टॉप आता पत्र्याचे आहेत, म्हणजे तेही तव्यासारखे.

झाडं एका उन्हाळ्यात वाढत नाहीत. वेळापत्रक मात्र एका कागदावर बदलतं, मी सरकारी नोकरीत होतो, मला माहीत आहे. माझी मागणी एवढीच आहे की मे आणि जूनचा पहिला पंधरवडा, पाऊस येईपर्यंत, बघण्याची सगळी ठिकाणं सकाळी सहाला उघडावी, अकराला बंद करावी आणि पुन्हा साडेचार ते आठ उघडावी. तास तेवढेच भरतात. कामगारांचाही फायदा, त्या रखवालदार मुलाला दुपारी घरी जाता येईल. यात नवीन काही नाही. उन्हाळा आला की शाळा सकाळच्या होतात. आमच्या विठ्ठल मंदिरात दुपारी देव झोपतात, दार लागतं, आणि उत्थापनाला पुन्हा उघडतं. भक्तांची त्यावर कधी तक्रार ऐकली नाही. फक्त कमाटीबागेतल्या संग्रहालयातल्या त्या इजिप्तच्या ममीलाच बिचारीला दुपारची झोप नाही. हजारो वर्षं झाली तरी भर दुपारची ड्यूटी.

शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या अहमदाबादने 2010 च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर 2013 साली उष्णतेशी लढण्याची योजना केली. कोणत्या दिवशी किती तापणार याचा इशारा आधी द्यायचा, दवाखाने तयार ठेवायचे, अशी ती योजना. देशात पुढे अनेक शहरांनी तिचा कित्ता गिरवला. इशारे आम्हालाही येतात, फोनवर येतात. "दुपारी बाहेर पडू नका" असं त्यात लिहिलेलं असतं. आणि बघण्याची ठिकाणं उघडी असतात ती फक्त दुपारी. हे दोन कागद एकाच टेबलावर कधी आले नसावेत.

बाटल्यांबद्दलही लिहितो. जुन्या चित्रांना पाण्याचा धोका असतो, हे समजतं. मग बाटली बाहेर ठेवून घ्या, पण आत चालू स्थितीतलं पाणी असलंच पाहिजे. आणि बाटल्यांची मांडणी सावलीत ठेवा. आम्ही परत घेतल्या तेव्हा त्यातल्या पाण्यात चहा झाला असता. महाराष्ट्रातून सुटीत इथे येणारी कुटुंबं हीच आमची पाहुणेमंडळी आहेत. ती आपला पेपर वाचतात, म्हणून ही मागणी इथल्या गुजराती पत्रांबरोबर आपल्याकडेही पाठवली. आपल्या गावातही पाहा, तुमच्याकडच्या वाड्यांची आणि किल्ल्यांची दारं मे महिन्यात किती वाजता उघडतात.

राहिलेला दिवस थोडक्यात. सहाच्या सुमाराला पश्चिमेकडून वारं सुटलं आणि आम्ही रिक्षाने घरी आलो. सौ. दारातच पन्ह्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी मुकाट्याने दोन-दोन पेले घेतले.

गुरुवारी विहीणबाईंना सक्तीची विश्रांती. शुक्रवारी मी माझ्या पद्धतीने नेलं. पावणेसहाला कमाटीबागेत. ही बाग 1879 ची आणि फिरणाऱ्यांसाठी पहाटेच उघडते, म्हणजे करता येतं हे सिद्धच आहे. विश्वामित्रीच्या पुलावरून नातवाला मगर दिसली, काठावर तोंड उघडं ठेवून पडलेली. तीही अंग गार करायला आ वासते, असं तो शाळेत शिकला होता. त्याने आजीला ते समजावून सांगितलं आणि आजीने त्याला धपाटा घातला. मग बाबासाहेबांची संकल्पभूमी. सप्टेंबर 1917 मध्ये बडोदे संस्थानाच्या नोकरीत आलेल्या त्या माणसाला या शहराने राहायला जागा दिली नाही, आणि ते इथे झाडाखाली येऊन बसले. नातवाने विचारलं, "ज्या राजाने शिकायला पैसे दिले त्याच्याच गावात?" मी म्हटलं, "हो, त्याच्याच गावात." विहीणबाई बराच वेळ त्या ठिकाणी उभ्या राहिल्या. त्या दिवशी गोपाळाबद्दल पुन्हा काही बोलल्या नाहीत.

कीर्तिमंदिर शनिवारी पाहिलं, दार उघडल्याबरोबर आत. गायकवाडांची ही स्मृतिवास्तू. आत शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी 1939 ते 1946 या काळात भिंती रंगवल्या, त्यात एक भिंत गंगावतरणाची. विहीणबाई तिच्यापुढे मान वर करून उभ्या राहिल्या. मग पिशवीतून स्वतःची बाटली काढून चाचपून पाहिली, भरलेली आहे की नाही, आणि परत ठेवली. राजवाडा राहिला. खंडेराव मार्केट रिक्षातून दाखवलं. डिसेंबरात पुन्हा येणार आहेत, तेव्हाची यादी मी करणार असं ठरलं आहे.

त्या रखवालदार मुलाची बाटली आमच्याकडेच राहून गेली होती. स्टीलची, झाकणाला दोरी बांधलेली. सोमवारी ती परत द्यायला गेलो, दुपारी दोनला, कारण तो तेव्हाच भेटतो. खुर्ची तिथेच होती, उन्हात. पाण्याच्या यंत्रावरचं "बंद" पुसट झालं होतं, म्हणून कुणीतरी पुन्हा गिरवलं होतं.

पत्र छापलंत तर अंकाची एक प्रत जास्त पाठवावी ही विनंती. बांना मराठी वाचता येत नाही; मी जाऊन वाचून दाखवीन. सकाळी सातच्या आत.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
दांडिया बाजार, बडोदे